तीळ फुलेपर्यंतची मुदत

८ जुलै

हे लिहायला घेतलं त्याचं कारण साधं आहे. आज चर्चमधून परतल्यावर माझ्या सुनेने, लान्येरोने, सांगितलं की ती अपारोला घेऊन कायमची माहेरी जाणार आहे. मी नाही म्हटलं. त्यानंतर आमच्या दोघींत जे ठरलं ते पुढे कुणी फिरवू नये, आणि त्या ‘कुणी’मध्ये मीही आले, म्हणून कागदावर उतरवते आहे.

अपारो माझी नात, चार वर्षांची. माझा मुलगा ओचाया गुलूच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला त्याला तीन पावसाळे झाले. त्याच्या लग्नात आमच्या कुळाने लान्येरोच्या माहेरी गायी दिल्या होत्या, तेव्हा मूल कुळाचं. लान्येरो तरुण आहे, तिला जायचं तर ती मोकळी आहे. मूल मोकळं नाही. हा नियम मी केलेला नाही, पण आज मी तो तिला ऐकवला.

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, नियम माशीला ठाऊक आहे का?”

गेल्या आठवड्यात शेजारच्या व्हेन्तोरिनाची मुलगी जेवताना मान डोलावता डोलावता चुलीत पडली. हात भाजला. नदीकाठच्या घरांतलं हे तिसरं मूल. डॉक्टर म्हणतात, काळ्या माशीनेच हा मान डोलण्याचा आजार होतो असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण जिथे माशी तिथेच तो दिसतो. माशीने डोळे जातात, याबाबतीत मात्र सिद्ध व्हायचं काही उरलेलं नाही. माझे यजमान शेवटची सहा वर्षं झोपडीपासून संडासापर्यंत दोराला धरून जात. आता त्यांचा धाकटा भाऊ किदेगा तसाच जातो. आमच्या गावात घरोघरी असे दोर बांधलेले आहेत, झोपडीपासून कणगीपर्यंत, कणगीपासून आंब्यापर्यंत. बाहेरच्या माणसाला वाटतं कपडे वाळत घालायला आहेत.

वर्षाला मिळणाऱ्या माशीच्या गोळ्या अपारोला मिळत नाहीत. उंची मोजायच्या काठीवरच्या पहिल्या रेघेपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

ठरलं ते असं. नदीकडेच्या वावरात आम्ही याच आठवड्यात तीळ पेरला आहे. तो फुलावर येईपर्यंत मुदत. नदीवर गायींच्या उताराजवळ बसून दिवसभरात पकडलेल्या माश्या तोवर निम्म्यावर आल्या, तर अपारो इथेच राहील आणि ती शाळेत जाईपर्यंत लान्येरो हा विषय काढणार नाही. नाही आल्या, तर अपारो आईबरोबर जाईल आणि कुळाचं तोंड मी बंद करीन.

लान्येरोने वाचून खाली सही केली. सातवीपर्यंत ती माझ्याच हाताखाली शिकली आहे. अक्षर तेव्हाही वाईट होतं.

१० जुलै

किटगुमहून माशीसाहेब आला होता, माश्या कमी करायची पद्धत सांगायला दोन्ही काठांची सभा होती. जिल्ह्याचा माश्यांचा अधिकारी. त्याला आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असेल, पण ते कुणाला ठाऊक नाही. पद्धत चांगली आहे, माणूसही चांगला आहे, मात्र बोलतो तोंडातल्या तोंडात. म्हणून त्याचं झाल्यावर मी सगळं पुन्हा सांगितलं.

काळ्या माशीची अळी साचलेल्या पाण्यात जगत नाही. तिला खळाळ लागतो. वाहत्या पाण्यात जे जे लोंबतं त्याला ती चिकटते: गवत, वेली, फांद्या, मुळ्या. ते कापून काठावर उन्हात टाकलं की अळी मरते. औषध नको, विमान नको, कोयता पुरे. “वाहत्या पाण्यात जे जे लोंबतं त्याला,” हे वाक्य मी पाढ्यासारखं सगळ्यांकडून म्हणून घेतलं. मागून एकाने विचारलं, नदीत विसळायला सोडलेली चड्डी यात येते का. व्हेन्तोरिना म्हणाली, “तुझ्या चड्डीवर बसायला माशीला पण लाज वाटेल.” हशा झाला. मी होऊ दिला. ही बाई मुलीच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधून सभेला आली होती.

गायींच्या उतारापासून वरच्या काळ्या खडकांपर्यंत तीन खळाळ आहेत. अलीकडची बाजू आमची, पलीकडची तोद्वोंगच्या लोकांची. लढाईच्या काळातल्या छावणीतून सगळे आपापल्या जमिनींवर परत आले तेव्हापासून आमचं त्यांच्याशी बांधावरून बरं नाही. तरी तोद्वोंग आला, पाय पसरून बसला, म्हणाला, “माझी बाजू मी कापतो. बाईंनी तपासायला येऊ नये, मी आता पाचवीत नाही.” हा माझा विद्यार्थी होता. उद्धट होता, आहे.

सभा उरकल्यावर माश्या मोजायला मी स्वतः बसले. गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवायचे, माशी टेकली की चावायच्या आत काचेच्या नळीत घ्यायची, नळ्या खोक्यात लावायच्या. दिवसभरात चार खोकी भरली. म्हणजे तीळ फुलेल तेव्हा दोन.

१४ जुलै

पहिली कापणी. पाणी मांड्यांपर्यंत, ओढ जबर. मी खडकावर उभी राहून शिट्टीने काम चालवलं. कापलेलं नदीत सोडायचं नाही, काठावरच टाकायचं, हे तीनदा ओरडून सांगितल्यावर एकदा ऐकतात. वेलींवर अळ्या इतक्या दाट होत्या की हात फिरवला तर ओल्या नाचणीवरून फिरवल्यासारखं वाटे.

लान्येरोही कापायला होती. माझ्याशी बोलली नाही, पण सगळ्यांत जास्त तिनेच कापलं. हे मी लिहिते, तिला सांगणार नाही.

१९ जुलै

आज व्हेन्तोरिना मेली असती. मधल्या खळाळात पाय सरकला, पाण्याने तिला खालच्या खडकांवर नेलं. खांदा फाटला, कपाळ फुटलं. आमच्यातल्या दोघांनी उड्या टाकून ओढून काढली. काठावर बसून ती आधी खूप ओकली, मग म्हणाली, “बाई, कोयता गेला.” मी तिला गप्प बसायला सांगितलं.

संध्याकाळी सहाजणी माझ्या अंगणात आल्या. उद्यापासून येणार नाही म्हणाल्या. त्यांच्यावर ओरडून उपयोग नव्हता. घरी मुलं आहेत. माश्यांपासून मुलं वाचवायची आणि आया बुडवायच्या, हा व्यवहार कुणीही करणार नाही.

बोलत असताना किदेगा भावोजी दोराला धरून हळूहळू आंब्याकडे निघाले होते. पाय कुठेही अडखळला नाही. मला उत्तर सापडलं. आंधळ्या माणसाला जे अंगणात चालवतं, ते डोळस माणसाला नदीत का चालवणार नाही?

२१ जुलै

तिन्ही खळाळांवर दोर बांधले. बाजारातला जाड नायलॉन, दोन्ही काठांच्या झाडांना. तोद्वोंगने त्याच्या बाजूची झाडं द्यायला कुरकुर केली नाही, हे आश्चर्य. पकडायला सोपं जावं म्हणून दोराला जागोजागी पोत्याच्या पट्ट्या बांधून घेतल्या. बायका वीतभर कापत होत्या. मी म्हटलं, हातभर ठेवा. कुणी पाण्यात गेलंच तर हाताला शेपटी तरी लागली पाहिजे. त्या पट्ट्यांमुळे दोर झालरीसारखे दिसतात. पाण्याच्या जोराने पट्ट्या सतत नाचत असतात.

सहाच्या सहाजणी परत आल्या. व्हेन्तोरिना डोक्याला फडकं बांधून काठावर बसली आणि कुणी चुकलं की शिव्या घालत होती.

क्याम्बोगोच्या कॉलेजात आम्हाला एक प्राध्यापक सांगत, शिस्त म्हणजे माणसाला धरायला काहीतरी देणं. आज ते पटलं.

३० जुलै

दोन खोकी आणि वर थोड्या नळ्या. माशीसाहेबाने स्वतः मोजल्या आणि पहिल्यांदाच ऐकू येईल असं बोलला: “बाई, फार छान.”

तीळ वीतभर वर आला आहे. मी लान्येरोला आकडा सांगितला. तिने अपारोच्या पायाला तीळ-शेंगदाण्याच्या लगद्याचं तेल चोळता चोळता मान हलवली. माशीला तेलकट कातडी आवडत नाही असं तिच्या माहेरी मानतात. काहीतरीच. पण मी आज काही बोलले नाही. बरं वाटत होतं.

९ ऑगस्ट

तीन खोकी.

पुन्हा मोजायला लावल्या. तीनच.

१० ऑगस्ट

आमच्या बाजूला एक काडी लोंबत नाही. सकाळी मी काठाकाठाने तिन्ही खळाळ पाहिले. पाणी केस कापलेल्या डोक्यासारखं स्वच्छ, मध्ये फक्त माझे दोर. नवा दोर असून आताच काळवंडला आहे, पट्ट्या तर लिबलिबीत झाल्या आहेत. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलेला दिसतो.

मग माश्या येतात कुठून? पलीकडून. दुसरं काही असूच शकत नाही. तोद्वोंगच्या काठावर झाडं दाट आहेत, इथून आतलं दिसत नाही. कापत असेल वरवर. किंवा कापलेलं रात्रीतून वर सोडत असेल म्हणजे ते आमच्या खडकांवर येऊन अडकेल. बांधाचं भांडण तो अजून विसरलेला नाही.

१३ ऑगस्ट

गायींच्या उताराजवळ दोन्ही काठांसमोर मी त्याला विचारलं. मागे बोलण्यापेक्षा तोंडावर बोललेलं बरं. म्हटलं, तुझ्या काठावरचं गवत तू कापत नाहीस, किंवा कापून नदीत टाकतोस. दोन्हींपैकी एक कबूल कर.

त्याने गमबुटातलं पाणी ओतलं, बूट पुन्हा घातला, मग म्हणाला, “बाई, पाचवीत खडूची पेटी गेली तेव्हा तुम्ही असंच म्हणाला होता. घेतलीस किंवा लपवलीस, एक कबूल कर. मी दोन्ही केलं नव्हतं. छडी मात्र मलाच.”

त्याचे लोक हसले. आमच्यातला एक पोरगा कोयता हातात घेऊन पुढे सरकला, मी त्याला मागे ढकललं. तोद्वोंग म्हणाला, चला, आत्ता चला, माझा काठ पाहा. मी गेले. दोन तास पाहिला. काही सापडलं नाही. परतताना त्याची बायको पाणी घेऊन आली, मी प्यायले नाही.

सापडलं नाही याचा अर्थ एवढाच, की त्याला माहीत होतं मी येणार.

१६ ऑगस्ट

दोन्ही काठांचे लोक आता एका दिवशी नदीवर जात नाहीत. आज आमच्या दोघी आल्या नाहीत. ज्या आल्या त्या पाण्यात उतरून दोर धरायला कुरकुर करत होत्या. व्हेन्तोरिना पुन्हा कामाला लागली आहे. म्हणाली, पट्टी धरली की हातात दाणे दाणे येतात, सरकतात. मी म्हटलं, घट्ट धर.

किदेगा भावोजी दुपारी आले. मी बाहेर बसले होते. त्यांचं म्हणणं, मी लान्येरोला शब्द दिला तेव्हा कुळाला विचारलं नाही, म्हणून तो शब्द माझा, कुळाचा नव्हे. “वहिनी, तुम्ही शाळा चालवली, घर चालवलं, नदीही चालवताय. पण ओचायाची पोरगी तुमची एकटीची नाही.” मी म्हटलं, वेळ येईल तेव्हा पाहू. ते हसले. “पाहू,” म्हणाले, “तुम्ही पाहा. मला सांगा.”

२० ऑगस्ट

तिळाला कळ्या. अजून उमललेल्या नाहीत.

लान्येरो रोज सकाळी वावरात जाते, रोज संध्याकाळी परत येते. तिच्या पेटीतले कपडे घडी करून ठेवलेले मला दिसले. पेटी उघडी होती. मी उघडली नाही.

मनात येतं ते लिहिते. मुदत वाढवून मागता येईल. पलीकडच्यांनी घात केला हे सगळ्यांना सांगितलंच आहे. करारात घात धरलेला नव्हता. वकील असता तर हेच म्हणाला असता.

२३ ऑगस्ट

दुपारी अपारो माझ्यासमोर जेवायला बसली होती. नाचणीचा उंडा तिने मोडला, भाजीत बुडवला, आणि घास हातात तसाच राहिला. मान छातीवर आली. वर गेली. पुन्हा आली. डोळे उघडे होते. मी नाव घेतलं, तिसऱ्यांदा घेतल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि घास खाल्ला.

सकाळपासून उन्हात खेळली होती. पेंगत होती.

लान्येरो विहिरीवर गेली होती. तिला सांगितलं नाही. पेंग आल्याचं काय सांगायचं?

२५ ऑगस्ट

मला हे नीट लिहायचं आहे.

आज व्हेन्तोरिना आली नाही, मुलीला पुन्हा झटका आला होता. आणखी तिघी नव्हत्या. मधल्या खळाळात तळाशी मुळ्या वाढल्या होत्या, त्या कापायला माणूस कमी पडत होतं. मी शिट्टी खडकावर ठेवली, गमबूट काढले आणि उतरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ओढ माझ्या कल्पनेपेक्षा जास्त होती. मी दोराची पट्टी घट्ट धरली.

मुठीत काहीतरी हललं.

व्हेन्तोरिना ‘दाणे’ म्हणाली होती. मी ती पट्टी कापली, काठावर आले आणि उन्हात तळहात उघडला. अळ्या. शेपटीवर उभ्या राहून डोलणाऱ्या, एकीला एक लागून. पट्टीच्या घडीत सपाता उलट्या ठेवाव्यात तसे तपकिरी कोष, त्यांतले निम्मे रिकामे. रिकामे म्हणजे माश्या होऊन उडून गेलेले. मी दुसरी पट्टी पाहिली, तिसरी पाहिली. दोराच्या पेडापेडांत त्याच. तीन दोर, प्रत्येकाला पन्नास-साठ शेपट्या, सगळ्यात जोराच्या पाण्यात, हातभर लांब. हातभर मी सांगितलं होतं.

वाहत्या पाण्यात जे जे लोंबतं त्याला. पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं.

आम्ही नदीतलं गवत काढलं आणि त्याच्या जागी मी माश्यांना शेत लावून दिलं.

इतर जणी खाली होत्या, कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. संध्याकाळी एकटीने येऊन दोर कापायचे. जुने झाले, नवे बांधू म्हणायचं. पंधरा दिवसांत माश्या कमी होतील. लान्येरोकडून तेवढी मुदत मिळेल, तोद्वोंगचं नाव तसंच राहील. हा विचार एका क्षणात पुरा झाला, सगळ्या तपशिलासकट.

मग मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना वर बोलावलं. तळहात दाखवला. एकीने माझ्या हातावरून अळ्या पुसल्या, जशी मुलाची पाटी पुसतात.

२६ ऑगस्ट

रविवार असून दोन्ही काठांना बोलावलं. चर्चच्या आधी. तोद्वोंग नदीच्या पलीकडे उभा होता, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. कदाचित तेच योग्य होतं. मी म्हटलं, माश्या तुझ्या काठाच्या नव्हत्या. माझ्या दोरांच्या होत्या. १३ तारखेला मी तुझ्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं.

तो पाण्याच्या कडेपर्यंत आला. मग: “म्हणजे खडूही मी घेतला नव्हता.”

“खडू तूच घेतला होतास,” मी म्हटलं.

हसला तो. मग त्याने त्याच्या लोकांना बांबू आणायला पाठवलं. लांब बांबू आडवा धरायचा, दोन टोकांना दोघं, मधल्यांनी त्याला धरून कापायचं, आणि काम झालं की बांबू पाण्याबाहेर, घरी. दुपारपर्यंत तिन्ही दोर कापून काळ्या खडकांवर पसरले. उन्हात तासाभरात त्यांना सडक्या माशांचा वास सुटला. आमचे आणि त्यांचे लोक पुष्कळ दिवसांनी एका पाण्यात उतरले. कोयत्यांवरून, बुटांवरून, कुणाच्या बायकोवरून, सगळ्यावरून त्यांची चेष्टा चालू होती. माझी कुणी केली नाही. केली असती तर सोपं गेलं असतं.

२७ ऑगस्ट

सकाळी लान्येरोला सांगितलं. दोरांचं तिला कळलंच होतं. २३ तारखेचं सांगितलं. घास, मान, डोळे उघडे.

तिने सूप खाली ठेवलं.

“मला माहीत आहे, आई. त्याआधी दोनदा झालं. तुमच्या पुढ्यात झालं तर तुम्ही मला सांगता का, ते बघत होते.”

मी म्हटलं, चार दिवस सांगितलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “पण सांगितलंत.”

तिच्या माहेरापासून किटगुमचं हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या आजाराच्या मुलांना तिथे रोजच्या गोळ्या देतात, बऱ्याच मुलांचे झटके कमी होतात. इथून तिथे रोज कोण नेणार? हे तिने मला जुलैतच सांगितलं असेल. मला फक्त ‘माहेर’ एवढंच ऐकू आलं होतं.

२८ ऑगस्ट

तीळ फुलला. पांढरी, किंचित जांभळट फुलं, बांधापासून नदीपर्यंत. लान्येरोने मला बोलावलं नाही, मीच गेले.

मोजायला मी बसले. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी तीन खोकी भरलेली होती. दोन हवी होती.

माशीसाहेब म्हणाला, दोर काढलेत, आता जुन्या माश्या मरतील, महिन्याभरात नदी स्वच्छ होईल, थांबा. किदेगा भावोजींनी हेच धरलं. ते आंब्याखाली माझी वाट पाहत होते.

“वहिनी, चूक दोरांची. पोरीने का भोगावी? महिनाभर मुदत वाढवा. तीळ काय, पुन्हा पेरता येतो.”

ते खरं बोलत होते. महिन्याभरात आकडा खाली येईलच. मलाही हेच हवं होतं, त्यांच्यापेक्षा जास्त हवं होतं. म्हणून मी घाई न करता उत्तर दिलं. म्हटलं, कराराच्या कागदात चूक कुणाची असा शब्द नाही. माश्या किती, एवढंच आहे. आणि पोरीची मान डोलते आहे.

मान डोलते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हातातली काठी फिरवत म्हणाले, “कुळातून गेलेलं मूल परत येत नाही. मला दिसत नाही, पण एवढं दिसतं. उद्या मी वाटेत बसेन. माझ्या अंगावरून जायला सांगा तिला.”

२९ ऑगस्ट

भावोजी खरंच बसले. पहाटे काठी टेकत, दोर संपतो तिथून पुढे एकट्याने चाचपडत, रस्त्याच्या वळणापर्यंत गेले आणि मातीत बसले. लान्येरो पेटी डोक्यावर घेऊन निघाली होती, ती थांबली. अपारोला वाटलं आजोबा खेळतायत. ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

मी तिला उठवलं नाही. मी पण खाली बसले. त्यांच्याशी मी आयुष्यात कधी जमिनीवर बसून बोलले नव्हते.

म्हटलं, भावोजी, कुळाच्या नावाने अडवायचं तर मला अडवा. माशी मी पाळली. या पोरीच्या पायांवर बसलेल्यांतल्या किती माझ्या दोरांवर जन्मल्या हे मला कधी कळणार नाही. तुमचे डोळे गेले तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं नदीत काय आहे. आता माहीत आहे.

त्यांनी पोरीचे पाय चाचपले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, चाव्यांच्या गाठींवरून हळूहळू बोटं फिरवली. आंधळ्याची बोटं वाचतात तशी. रस्त्यावरून जाणारे लोक सायकली थांबवून पाहत होते, मी त्यांना हाताने पुढे जायला सांगितलं.

शेवटी ते म्हणाले, “उद्या न्या. आज माझ्याकडे राहू दे. आणि लिहून ठेवा, वहिनी. तुम्ही लिहिता ते मला माहीत आहे. माझा अंगठा घ्या.”

३० ऑगस्ट

आज सकाळी गायींच्या उताराच्या रस्त्यावर, किदेगा भावोजी, व्हेन्तोरिना आणि पलीकडच्या काठाचा तोद्वोंग यांच्यासमोर लान्येरोच्या ताब्यात दिलं ते असं:

अपारो, ओचायाची मुलगी, वय चार. रात्री नीट झोपली. दोन्ही पायांवर चाव्यांच्या गाठी, डाव्या घोट्यावरची एक चिघळलेली, धुऊन बांधली आहे. रडत नव्हती. मी उचलून दिली नाही, स्वतः चालत गेली.

तिचं लसीचं कार्ड आणि बाप्तिस्म्याचा दाखला. हॉस्पिटलसाठी चिठ्ठी, माझ्या हातची, त्यात तीन वेळा मान डोलल्याचं जे आम्हाला ठाऊक आहे ते सगळं.

एक घोंगडी. ओचायाचा एक शर्ट, लान्येरोने मागितला म्हणून. तिळाच्या लगद्याचं मडकं, तोंड बांधून. एक कोंबडी, ती अपारोने स्वतः धरली होती, वाटेत सुटली तर माझी जबाबदारी नाही.

कुळाचा हक्क: आजपासून मूल आईचं. कुळातलं कुणी तिला आणायला जाणार नाही. किदेगा यांनी हे ऐकून अंगठा दिला. अंगठ्याला शाई लावताना त्यांनी विचारलं, कागद कोरा नाही ना? मी त्यांना सगळा वाचून दाखवला.

देणारी, सबिना अलान्यो. घेणारी, लान्येरो. तिने सही केली, अक्षर या वेळी बरं होतं.

परतीची तारीख मी लिहिलेली नाही. ती लान्येरोने लिहायची. तेवढी ओळ कोरी ठेवून कागद तिच्याकडेच दिला.